फवारणी किती दिवस? आता वाण बदला

खरिपाची पेरणी आटोपली की परभणी जिल्ह्यात जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत शेतकरी मोबाइल हातात धरून स्वतःच्याच शेतात उभा राहतो. गट क्रमांक निवडायचा, सोयाबीन की कापूस की तूर ते भरायचे, मग उभ्या पिकाचा फोटो काढायचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने तलाठ्याच्या वहीतली नोंद शेतकऱ्याच्या फोनमध्ये आणली. पीकविमा, अतिवृष्टीचे अनुदान, हमीभावाने विक्री, सगळ्यांना ती नोंद लागते. अनुदान मंजूर झाले की विशिष्ट क्रमांक घेऊन आपले सरकार केंद्रात जायचे आणि काचेवर अंगठा टेकवायचा. रेशनचे धान्य उचलतानाही ई-पॉस मशीनवर अंगठाच. पूर्वी ज्या दारात चावडी, शिक्का आणि सही होती, त्या दारात आता कॅमेरा, जीपीएस आणि बोटाचा ठसा घेणारी काच आहे. या प्रत्येक उपकरणाला चालवणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, कारण तो पडद्यावर दिसत नाही. या ड्रायव्हरांमध्ये मेमरीचे दोष वर्षानुवर्षे निघत आले आहेत. ते एकेक करून बुजवणे आवश्यक आहेच, पण तेवढ्याने भागणार नाही. नवे ड्रायव्हर लिहिण्याची पद्धतच बदलली पाहिजे, आणि ती बदलायला लावण्याची ताकद सरकार नावाच्या मोठ्या गिऱ्हाइकाकडे आहे, असे माझे म्हणणे आहे.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे फोनचा किंवा संगणकाचा कारभारी. तिला कॅमेऱ्याची भाषा येत नाही, अंगठ्याच्या मशीनची येत नाही, स्क्रीनचीही येत नाही. प्रत्येक यंत्रभागासाठी एक दुभाषा ठेवावा लागतो, तो ड्रायव्हर. आपल्याकडच्या बहुतेक फोनमध्ये अँड्रॉइड असते, अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स असते, आणि लिनक्सच्या एकूण कोडपैकी निम्म्याहून अधिक भाग या ड्रायव्हरांचाच आहे. अडचण अशी की हे दुभाषे ओसरीवर बसत नाहीत. बहुतेक ड्रायव्हर सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये राहतात आणि तिथे घरातल्या प्रत्येक खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला असते. एखादे साधे ॲप चुकले तर ते एकटे बंद पडते. ड्रायव्हर चुकला तर सगळे घर उघडे पडते.

ही चूक नेमकी कशी होते, ते समजायला मराठवाड्यातल्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. मेमरी ही गटागटांत वाटलेल्या जमिनीसारखी असते. एका प्रोग्रामला अमुक गुंठे, दुसऱ्याला तमुक. मध्ये बांध. ज्या सी भाषेत बहुतेक ड्रायव्हर लिहिलेले आहेत, त्या भाषेत हा बांध कागदावर असतो, जमिनीवर कोणी उभा नसतो. नांगर शेजारच्या गटात गेला तरी भाषा हटकत नाही. बांध कोरणे हा पहिला प्रकार. दुसरा त्याहून कपटी. जमीन विकली, फेरफार झाला, सातबाऱ्यावर नवे नाव लागले, आणि तरीही जुना मालक जुन्याच कागदाच्या जोरावर तिथे पेरायला गेला, तर जे होईल तेच मेमरीतही होते. प्रोग्रामने परत केलेली जागा सिस्टिम दुसऱ्याला देऊन टाकते, पण पहिल्याकडे तिचा पत्ता राहून गेलेला असतो आणि तो त्या पत्त्यावर लिहीत सुटतो. हल्ला करणारा नेमक्या याच संधीची वाट पाहतो. मोकळी झालेली जागा तो स्वतःच्या मजकुराने भरतो आणि कर्नलकडूनच आपले काम करून घेतो.

एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. यूएसबीने जोडल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी लिनक्समध्ये एक सर्वसाधारण ड्रायव्हर आहे. कॅमेरा जोडला की तो आपली माहिती सांगतो: मी या या आकाराची चित्रे देऊ शकतो. ड्रायव्हर आधी ही यादी मोजतो, तेवढी जागा राखून ठेवतो आणि मग यादी उतरवून घेतो. मोजताना त्याने ओळखीच्याच प्रकारांची गणती केली. उतरवताना मात्र अनोळखी प्रकारही उतरवले. मोजणी कमी क्षेत्राची आणि पेरणी जास्त क्षेत्राची, अशी गत. २००८ च्या सुमारास हा ड्रायव्हर लिनक्समध्ये आला तेव्हापासून ही चूक त्यात होती, आणि २०२४ च्या अखेरीस ती दुरुस्त झाली. सोळा वर्षे. दुरुस्ती किती मोठी होती? एका ओळीत एका अटीची भर. या सोळा वर्षांत तो कोड हजारो जाणत्या डोळ्यांखालून गेला असणार. फेब्रुवारी २०२५ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी ही दुरुस्ती जाहीर केली, तेव्हाच या दोषाचा निवडक लोकांविरुद्ध वापर होत असल्याच्या खुणा असल्याचेही सांगितले. त्याच महिन्याच्या अखेरीस ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने सर्बियातल्या एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा कुलूपबंद फोन कसा उघडला गेला, त्याचा अहवाल दिला. फोनच्या यूएसबी खाचेत एक यंत्र जोडून, यूएसबी ड्रायव्हरांमधल्या अशा दोषांची साखळी वापरून ते कुलूप काढले होते. फोनच्या मालकाने कोणतीही लिंक दाबली नव्हती, कोणाला ओटीपी सांगितला नव्हता. त्याची काही चूक नव्हती.

दुरुस्ती झाली म्हणजे प्रश्न सुटला, असे आपण समजतो. बाइंडर नावाच्या ड्रायव्हरची हकीकत वेगळे सांगते. अँड्रॉइडमधली ॲप एकमेकांशी आणि सिस्टिमशी बोलतात ती बाइंडरमधून, त्यामुळे तो प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये असतोच. त्यात वर सांगितलेला दुसऱ्या प्रकारचा, परत केलेल्या जागेवर लिहिण्याचा दोष होता. लिनक्सच्या मुख्य कोडात तो २०१८ च्या सुरुवातीला दुरुस्तही झाला. पण ती दुरुस्ती अनेक कंपन्यांच्या फोनपर्यंत पोचलीच नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये गूगलच्या संशोधकांनी उघड केले की तोच दोष प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरला जात आहे. दीड वर्षाहून अधिक काळ औषध दुकानात होते आणि रोगी घरात. आता आपल्याकडची स्थिती डोळ्यांपुढे आणा. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा नवा फोन घेतो आणि जुना पालम किंवा सोनपेठ तालुक्यातल्या गावी वडिलांकडे येतो. स्वस्तातला फोन असेल तर कंपनीने त्याचे अपडेट कधीचेच थांबवलेले असतात. फोन चालतो, पीक पाहणी होते, बँकेचे ॲप उघडते. आत कोणकोणते बांध फुटले आहेत, ते बाहेरून कळण्याचा मार्ग नसतो.

परभणीच्या शेतकऱ्याचा फोन फोडून कोणाला काय मिळणार, असा प्रश्न इथे हमखास येतो. २७ जून २०१७ रोजी न्हावा शेवा बंदराला, म्हणजे जेएनपीटीला, हाच प्रश्न पडायला हवा होता. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटलेला नॉटपेट्या हा विषाणू मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरातल्या संगणकांत शिरला आणि तिच्या समूहाचे गेटवे टर्मिनल्स इंडिया हे जेएनपीटीतले टर्मिनल ठप्प झाले. राज्यातल्या निर्यातीचा मोठा भाग ज्या बंदरातून जातो, तिथे कंटेनर अडकून पडले. जेएनपीटी कोणाच्याही निशाण्यावर नव्हते. विषाणू पसरण्याच्या वाटा दोन होत्या. एक चोरलेल्या पासवर्डची, आणि दुसरी विंडोजमधल्या एका ड्रायव्हरची. एका संगणकावरची फाइल दुसऱ्या संगणकाला देणारा हा ड्रायव्हर एका आकड्याचे चार बाइट बदलायचे तिथे दोनच बदलत होता. त्यामुळे राखलेली जागा लहान आणि ओतलेला मजकूर मोठा. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती १४ मार्चलाच दिली होती, म्हणजे साडेतीन महिने आधी. त्याच दोषावर स्वार होऊन १२ मे रोजी वॉनाक्राय या विषाणूने जगभर धुमाकूळही घातला होता. तरीही मर्स्कला सुमारे २५ ते ३० कोटी डॉलरचा फटका बसला. पुराचे पाणी घर बघून शिरत नाही, हे गोदाकाठच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

दुष्ट हेतूशिवायही हे घडते. १९ जुलै २०२४ रोजी मुंबईसह देशभरातल्या विमानतळांवर प्रवासी ताटकळले, काही ठिकाणी बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले, एकट्या इंडिगोला दोनशेच्या आसपास विमाने रद्द करावी लागली. कारण क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा विंडोजमधला ड्रायव्हर. त्याला वीस नोंदी पुरवल्या गेल्या आणि तो एकविसावी वाचायला गेला. एकविसावी तिथे नव्हती, होता तो दुसऱ्या कोणाचा तरी गट. जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक त्या दिवशी निळा पडदा दाखवून बसले. हल्ल्यापासून वाचवण्यासाठी बसवलेल्या ड्रायव्हरनेच मेमरीच्या चुकीपायी घर पाडले, हे मला या सगळ्या प्रकरणांत सर्वांत बोलके वाटते. एका सावध, पैसेवाल्या आणि सुरक्षेचाच धंदा करणाऱ्या कंपनीच्या हातून ही चूक होते, तर ती माणसाच्या निष्काळजीपणाची चूक उरत नाही. साधनाची ठरते.

इथे परभणीचाच एक दाखला मला उपयोगी वाटतो. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा विषाणूरोग पांढऱ्या माशीने पसरतो. माशीवर फवारणी करत राहणे हा एक उपाय. १९८० च्या दशकात परभणीच्या कृषी विद्यापीठाने दुसरा उपाय दिला: परभणी क्रांती नावाचे वाण, ज्याच्या अंगातच या रोगाला तोंड देण्याची शक्ती होती. रोग आल्यावर धावायचे की रोगाला थारा न देणारे बियाणे पेरायचे, हा तो फरक. ड्रायव्हरांच्या बाबतीत जग आजवर फवारणीच करत आले. दोष सापडला की दुरुस्ती, पुन्हा दोष, पुन्हा दुरुस्ती. सी भाषा १९७२ च्या सुमारास घडली. आपले विद्यापीठही १९७२ सालचेच. तेव्हापासून शेतीत वाणांच्या पिढ्या बदलल्या, ड्रायव्हर मात्र त्याच बियाण्यावर उभे आहेत.

आता नवे वाण उपलब्ध आहे. रस्ट ही भाषा २०१५ मध्ये तिच्या पहिल्या पक्क्या आवृत्तीत आली. तिचा मूळ विचार आपल्या महसुली कागदांसारखा आहे. मेमरीतल्या प्रत्येक जागेला एका वेळी एकच मालक. मालकी दुसऱ्याकडे गेली की जुन्या मालकाचा हक्क तिथेच संपतो, त्याने त्या जागेला हात लावायचा प्रयत्न केला तर प्रोग्राम तयारच होत नाही. जागा पाहणीसाठी एकाच वेळी अनेकांना देता येते, पण तिच्यात बदल करायचा हक्क एका वेळी एकालाच, आणि तेव्हा बाकीच्यांना पाहताही येत नाही. बांधाबाहेर पाऊल पडले तर काम चालू असतानाही अडवले जाते. फेरफाराची तपासणी पेरणीनंतर तहसीलमध्ये होण्याऐवजी पेरणीआधी बांधावरच होते, असे म्हणा. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या ६.१ या आवृत्तीत रस्टला प्रवेश मिळाला. वर ज्या बाइंडरची हकीकत आली, तोच रस्टमध्ये नव्याने लिहिला गेला आणि २०२५ च्या अखेरीस आलेल्या ६.१८ या आवृत्तीत दाखल झाला.

याने फरक पडतो का, याचे उत्तर आकड्यांत आहे. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०१९ मध्ये सांगितले की कंपनी दरवर्षी जे सुरक्षादोष दुरुस्त करते, त्यांतले सुमारे ७० टक्के मेमरीचे असतात. अँड्रॉइडमध्ये हे प्रमाण २०१९ साली ७६ टक्के होते. त्या सुमारास गूगलने नवा कोड शक्य तेवढा मेमरी-सुरक्षित भाषांत लिहायचे धोरण धरले. २०१९ मध्ये मेमरीचे २२३ दोष होते, २०२२ मध्ये ८५ राहिले. प्रमाण २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांच्याही खाली आले. या आकड्यांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की जुना कोड त्यांनी मोडून टाकला नाही. तो तसाच ठेवला, दुरुस्त करत राहिले, फक्त नवी भर सुरक्षित भाषेत घातली. कारण दोष प्रामुख्याने ताज्या कोडात असतात. जुना कोड वापरून, घासून, तपासून हळूहळू स्वच्छ होत जातो. नव्याची घाण थांबली की एकूण पाणी नितळू लागते.

म्हणूनच पहिला आक्षेप, की लिनक्समधल्या कोट्यवधी ओळी कोण पुन्हा लिहिणार, तो लागू पडत नाही असे मला वाटते. कोणीही तसे सांगत नाही. कृषी विद्यापीठ उभे पीक मोडायला सांगते का? पुढच्या हंगामाला प्रमाणित बियाणे वापरा म्हणते. मात्र या युक्तिवादात एक खाच आहे आणि ती लपवू नये. कॅमेऱ्याचा सोळा वर्षे जुना दोष सांगतो की सगळाच जुना कोड आपोआप निर्मळ होत नाही. जे ड्रायव्हर क्वचित वापरात येतात, ज्यांचे उपकरण बाजारातून गेले, त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही आणि ते फोनमध्ये मात्र पडून राहतात. यांच्यासाठी उपाय सोपा आहे: लागत नसतील ते ड्रायव्हर फोनमधून काढून टाकणे, आणि जे बाहेरच्या वायरीतून किंवा हवेतून आलेली माहिती वाचतात, त्यांना पुनर्लेखनात पहिला मान देणे. पडीक विहिरीला कठडा बांधायचा की ती बुजवायची, हे ठरवावे लागते.

दुसरा आक्षेप जाणकारांचा. सी भाषेतही काळजीने लिहिता येते, तपासणीची साधने आहेत, मग भाषा बदलण्याचा अट्टहास का? या म्हणण्यात तथ्य आहे. २००१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांना लिनक्सच्या ड्रायव्हरांत चुकांचे प्रमाण उरलेल्या कर्नलच्या तुलनेत तीन ते सात पट आढळले होते. दहा वर्षांनी फ्रान्समधल्या संशोधकांनी तीच मोजणी पुन्हा केली, तेव्हा ड्रायव्हरांतले प्रमाण बरेच खाली आलेले दिसले. लक्ष दिले की सुधारणा होते. पण एकूण चुकांच्या संख्येत ड्रायव्हरच पुढे राहिले, कारण ते वाढतच असतात. दरवर्षी नवी उपकरणे, नवे ड्रायव्हर, पुष्कळदा उपकरण बनवणाऱ्या कंपनीने घाईत लिहून दिलेले. काळजी ही माणसागणिक आणि दिवसागणिक कमीजास्त होते. रात्री अकरा वाजता काम उरकणाऱ्या अभियंत्याकडून ती सकाळच्याइतकी होत नाही. भाषेचा नियम रात्रीही तेवढाच कडक असतो.

रस्ट म्हणजे अमृत नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. कर्नलमध्ये यंत्राशी थेट बोलताना काही ठिकाणी त्या भाषेचे नियम शिथिल करावे लागतात, आणि अशा जागा कोडात वेगळ्या खुणेने दाखवाव्या लागतात. डिसेंबर २०२५ मध्ये रस्टमधल्या नव्या बाइंडरमध्येच एक दोष निघाला, आणि तो नेमका अशाच खुणेच्या जागी होता. परिणाम मशीन बंद पडण्यापुरता होता. टीकाकारांनी त्याच्याकडे बोट दाखवले. मला त्यात उलट आशा दिसते. दोष कुठे शोधायचा ते आधीच आखलेले होते. सीमध्ये सगळे शिवारच तसे असते, तिथे खूण कुठे करणार? आणि क्राउडस्ट्राइकसारख्या प्रकरणात रस्टने एकविसावी नोंद वाचू दिली नसती, तरी कर्नलच्या आत अडकलेला ड्रायव्हर थांबला म्हणजे मशीनही थांबण्याची भीती राहतेच. म्हणून शक्य ते ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर, कमी किल्ल्या देऊन बसवणे हाही उपायाचा भाग आहे. त्या घटनेनंतर मायक्रोसॉफ्टने सुरक्षा सॉफ्टवेअरला कर्नलबाहेर काढण्याची दिशा धरली, ती याचसाठी. परभणी क्रांतीचा प्रतिकारही पुढे विषाणूने रूप बदलल्यावर काही ठिकाणी उणा पडू लागला. म्हणून कोणी रोगाला बळी पडणाऱ्या जुन्या वाणाकडे परतायला सांगितले नाही. नवे वाण शोधायला सांगितले.

तिसरा आक्षेप सर्वांत जमिनीवरचा आहे. गावात लोक लुबाडले जातात ते ओटीपी सांगून, पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर फिरणारी एपीके फाइल उघडून. कर्नलचा दोष वापरून कोणी लुटल्याचे ऐकिवात नाही, मग आधी जनजागृती करा. जनजागृती हवीच, तिच्याशी माझा वाद नाही. पण चुकून उघडलेल्या एपीकेला आज जो काही आळा बसतो, तो कोणामुळे? एका ॲपने दुसऱ्याच्या घरात डोकावू नये, ही शिस्त कर्नल पाळून घेतो. स्क्रीनवर काहीही दाखवायचे तर प्रत्येक ॲपला ग्राफिक्सच्या ड्रायव्हरशी बोलावेच लागते, त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. त्या ड्रायव्हरात भोक असेल तर परवानगीचे सगळे खटाटोप मागच्या दाराने निकामी होतात. स्वस्त फोनमध्ये सर्रास असणाऱ्या माली या ग्राफिक्स चिपच्या ड्रायव्हरात परत केलेल्या जागेचा असाच दोष २०२३ मध्ये निघाला होता आणि त्याचाही प्रत्यक्ष गैरवापर होत असल्याचे तेव्हा सांगितले गेले. माणसाच्या हातून चूक होणारच. ती एका चुकीपुरती राहावी, घरभर पसरू नये, हे काम यंत्राचे.

आणि हे सगळे कॅलिफोर्नियात ठरते, आपण काय करणार, असा एक हताश सूर असतो. तो मला मान्य नाही, कारण आपण अटी घालू शकतो हे आपणच दाखवले आहे. आधारच्या प्राधिकरणाने अंगठ्याची जुनी, एल-झिरो दर्जाची उपकरणे बाद करून ठशावर उपकरणाच्या आतच शिक्कामोर्तब करणारी एल-वन उपकरणे आणायला लावली. बनवणाऱ्यांनी ती बनवली. केंद्राने २०२४ मध्ये अधिसूचना काढून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या लागू केल्या. युरोपीय संघात जून २०२५ पासून स्मार्टफोनची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे अपडेट देणे बंधनकारक आहे. युरोपातल्या गिऱ्हाइकाला जे मिळते, ते मानवतच्या बाजारात फोन घेणाऱ्याला का मिळू नये? तोच फोन, तीच चिप, तोच ड्रायव्हर.

राज्य सरकारला तर केंद्राचीही वाट पाहायची गरज नाही. महाराष्ट्राने अंगणवाडी सेविकांना लाखभर मोबाइल वाटले होते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी मोर्चे काढून ते परत केले. फोनची मेमरी अपुरी, ते तापतात, अडकतात, दुरुस्तीचा खर्च अंगावर पडतो, ही त्यांची तक्रार होती आणि ती खरी होती. त्या वेळची चर्चा वेगावर आणि खर्चावर झाली. ज्या फोनमध्ये गावातल्या प्रत्येक बाळाचे वजन आणि गरोदर बाईची नोंद भरली जाते, त्या फोनला सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. निविदेत हा प्रश्न दोन वाक्यांत विचारता येतो. विक्रीपासून किमान पाच वर्षे, आणि मूळ दुरुस्ती जाहीर झाल्यापासून ठरावीक दिवसांत, अपडेट पोचले पाहिजे. उपकरणासोबत येणारा ड्रायव्हर नवा लिहिलेला असेल तर तो मेमरी-सुरक्षित भाषेत असावा, नसेल तर का नाही ते लेखी द्यावे. ई-पॉस, अंगठ्याची मशीन, सेतू केंद्रांचे संगणक, पोलिसांचे कॅमेरे, हे सगळे सरकारी पैशातून किंवा सरकारी नियमांखाली घेतले जाते. लाखांच्या संख्येने माल घेणारा गिऱ्हाईक अट घालतो तेव्हा विक्रेता ऐकतो. फोन थोडा महागेल, हे खरे आहे. पण स्वस्त फोनची उरलेली किंमत आज कोण भरतो, तर ज्याला ती परवडत नाही तो.

ड्रायव्हर आपल्याकडे लिहिले जात नाहीत, हाही गैरसमज आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात भारतीय कृषी संशोधन परिषद आणि जागतिक बँकेच्या साहाय्याने शेतीतले रोबोट, ड्रोन आणि स्वयंचलित वाहने यांवर प्रकल्प झाला आहे. जमिनीतला ओलावा मोजणारी कांडी एखाद्या बोर्डाला जोडून तिचे आकडे वाचणारा जो विद्यार्थी आहे, तो ड्रायव्हरच लिहीत असतो, त्याला कोणी तसे नाव दिले नाही एवढेच. उद्या हेच ठिबकचा व्हॉल्व्ह उघडणारे आणि फवारणीचा ड्रोन उडवणारे प्रोग्राम होतील. सार्वजनिक निधीतून होणाऱ्या अशा कामाला सुरक्षित भाषेची अट आत्ता घालणे जवळपास फुकट आहे. वीस वर्षांनी, शिवारभर ही उपकरणे पसरल्यावर, तीच अट घालायला गेलो तर आज लिनक्सवाले जे भोगत आहेत तेच आपल्या वाट्याला येईल. अभियांत्रिकी महाविद्यालये आणि आयटीआयमध्ये आजही सी शिकवली जाते, आणि शिकवावीच, जुना कोड वाचायला ती लागेल. तिच्या जोडीला रस्टचे एक सत्र ठेवायला नवी इमारत लागत नाही. पुण्यात सी-डॅकसारखी संस्था आहे, तिने मराठीत धडे तयार केले तर परभणीच्या मुलाला इंग्रजीच्या उंबऱ्यावर अडावे लागणार नाही.

यातले एक काम तर अगदी उद्यापासून होऊ शकते. प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये फोनविषयीच्या माहितीत शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख असते. ती तारीख ५ फेब्रुवारी २०२५ च्या आधीची असेल, तर त्या कॅमेरा ड्रायव्हरची एका ओळीची दुरुस्ती त्या फोनपर्यंत आलेली आहे, याची खात्री देता येत नाही. जिल्हा परिषदेने अंगणवाडी सेविका आणि आशा सेविकांच्या मासिक बैठकीत, तहसील कार्यालयांनी आपल्याकडच्या सरकारी फोनवर, आणि केंद्रचालकांनी आपापल्या मशीनवर ही तारीख बघून एका वहीत लिहून काढावी. नऊ तालुक्यांची ती वही भरायला एक दुपार पुरेल, आणि पुढच्या खरेदीची निविदा तयार करणाऱ्याच्या टेबलावर ती ठेवता येईल.